बिनजोडाक्षरी तरस

अट साधी होती. पहिलीच्या पोरांसाठी
जनावरांचं पुस्तक, सोळा पानं,
पानाला सात-आठ शब्द,
आणि जोडाक्षर एकही नको.

लिहायला बसलो तेव्हा कळलं, 'प्राणी'च बाद.
पक्षी बाद. कोल्हा गेला.
बिबट्या गेला, उसातून जातो तसाच,
शेपूट न दाखवता.
खवल्या मांजराला तर दारातच अडवलं.
उरले ससा, घोरपड, खोकड, मुंगूस,
आणि तरस.

त र स.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.
इतकं सरळ नाव
इतक्या वाकड्या जनावराला कुणी दिलं असेल?
गोष्टींनी त्याला कधी बोलावलं नाही.
सिंहाला गुहा मिळाली, माकडाला झाड,
तरस आपलं माळावर, गोष्टीच्या बाहेर.

रात्रभर लिहिलं, खोडलं.
पट्टे लिहिता येईनात, रेघा लिहिल्या.
रात्र येईना, रात लिहिली.
सत्य बसेना. खरं बसलं.

पान तीन:
हे तरस. पाठ उतरती. अंगावर रेघा.
पान चार:
रात झाली की तरस निघते.
पान पाच:
मरण आले की तरस येते.
मेलेली मेंढी खाते. हाडही खाते.

विश्रामबागेतून फोन आला, समितीच्या वैजयंताबाईंचा.
"लिहिलंय छान हो, पण पहिलीला मरण?
'तरस माळ साफ ठेवते' असं करू या का?"
साफ ठेवते. जणू हातात खराटा.
मी म्हटलं, बघतो.

कच्ची छपाई पिशवीत घालून
उमदीच्या अलीकडच्या वस्तीवर गेलो.
दोन खोल्या, एक लिंब, पटावर सतरा.
पोरं बोट ठेवून वाचत होती,
वाडग्यात शिरणारी मेंढरं मोजावीत
तसं एकेक अक्षर आत घेत.
मायाक्का शेंडगे वाचेचना.
चित्राकडं बघत बसलेली.

"गुर्जी, ह्ये तरस न्हवं."
का गं?
"मागलं पाय लई उंच काढल्यात.
तरस मागनं बसल्यागत चालतंय.
आन् त्येचा गू पांढरा आसतोय. खडूगत."
वर्ग फुटला हसून. ती हसली नाही.
"हाडं खातंय की. मग पांढराच हुणार."

मिरजेच्या दिलावर बागवानांनी
चित्र काढलं होतं कुत्र्यावरून.
त्यांनी तरी तरस कुठं पाहावं?
मी पाहिलं, चाळीस वर्षांत एकदा,
विजापूर रस्त्याला, टमटमच्या उजेडात,
तेही मेलेलं.

मग पान पाच तिच्यापुढं धरलं.
म. र. ण. मरण.
अडखळली नाही.
अडखळावं असं त्यात होतंच काय?
घर, गवत, मगर यांच्या रांगेतला शब्द,
पहिल्याच महिन्यात पाटीवर येणारा.

"आमची बांडी मेली तवा आल्तं," ती म्हणाली.
"आज्जा म्हणला, नेऊ दे. त्येलाबी प्वाट हाय."
आणि पान उलटलं.
पुढं घोरपड होती.

लिंबाखाली उभा राहून विश्रामबागेला फोन लावला.
रेंज येत होती, जात होती.
मरण राहू दे बाई, म्हटलं,
पाय तेवढे बदलायचेत.
ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.

निघताना तिला ती प्रत दिली.
आतल्या पानावर ओळ होती:
हे पुस्तक कोणाचे?
तिनं पेन्सिल चाटली, लिहिलं 'माया',
आणि थांबली.
जोडाक्षर दुसरीत.

थोडा वेळ लिंबाकडं बघितलं.
मग दोन क लिहिले,
शेजारी शेजारी, सुटे,
आणि दुसऱ्याला काना दिला.